कॅमेरा माणूस ओळखतो की माणसाला ओळखतो?

गेल्या आठवड्यात मखमलाबादहून मामांचा फोन आला. "अरे, दुकानदार म्हणाला होता एआयवाला आहे, माणूस ओळखतो. मग दूधवाल्यासाठी रोज पहाटे बोंब का मारतो? दोन वर्षं येतोय तो!"

दुकानदार खोटं बोलला नव्हता. मामांनी ऐकताना मनातल्या मनात एक 'ला' वाढवला होता. कॅमेरा माणूस ओळखतो, माणसाला ओळखत नाही. एवढ्या एका 'ला'पायी निम्मं नाशिक नको ते कॅमेरे घेऊन बसलंय, आणि मी तेच तेच सांगून थकलोय.

जुना 'मोशन'वाला कॅमेरा तुम्हाला ठाऊकच आहे. तो आधीच्या आणि आत्ताच्या चित्रात किती ठिपके (पिक्सेल) बदलले ते बघतो. कढीपत्त्याची फांदी हलली, लेन्ससमोर कोळी आला, की अलर्ट. साध्या मोशनमध्ये शिकणं-बिकणं काही नसतं. त्यालाच एआय म्हणून विकत असतील तर त्या दुकानातून उठून या.

'माणूस ओळखणारा' कॅमेरा वेगळा. हजारो-लाखो चित्रं दाखवून त्याला 'यात माणूस आहे का, आणि कुठे' एवढंच शिकवलेलं असतं. दूधवाला, चोर, तुम्ही, सगळ्यांभोवती तो सारखीच चौकट काढतो. आणि जे शिकवलं नाही, ते त्याला दिसत नाही, किंवा शिकवलेल्यातलंच दुसरं काहीतरी वाटतं. अशी मॉडेल्स शिकवायला सर्रास वापरला जाणारा चित्रसंग्रह म्हणजे २०१४ चा 'कोको'. त्यात ८० प्रकार आहेत: माणूस, मांजर, कुत्रा, गाय, अगदी झेब्रा आणि जिराफसुद्धा. बिबट्या नाही. जिराफ आपल्या गंगापूर रोडला कधी यायचा कोण जाणे.

आता 'माणसाला ओळखणं'. इथे आधी चेहरा सापडावा लागतो, मग त्याचे आकडे केले जातात. गूगलच्या २०१५ च्या फेसनेट या चेहरे ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये एका चेहऱ्याचे १२८ आकडे होत. तुम्ही नोंदवलेल्या चेहऱ्यांच्या आकड्यांपासून हे आकडे किती लांब आहेत ते मोजायचं, आणि अंतर ठरलेल्या उंबरठ्याच्या आत असेल तर 'हा आपला'. 'अनोळखी' असा चेहरा त्याला कुणी शिकवलेला नसतो. घरच्या कुणाशीच जुळला नाही, की उरेल तो अनोळखी. त्यामुळे "आमचा कॅमेरा चोर ओळखतो" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. चोराने येऊन आपला फोटो नोंदवला आहे का?

उंबरठा कडक ठेवला, तर जानेवारीच्या थंडीत कानटोपी-मफलर बांधून फिरून आलेले वडील अनोळखी ठरतात. सैल ठेवला, तर धाकट्या भावासारखा दिसणारा कुणीही घरचा होतो. एक चूक कमी करायला गेलात की दुसरी वाढते. विकणारा हे कधीच सांगत नाही.

शिवाय ठिपक्यांचा हिशेब आहे. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची २०१४ ची आवृत्ती माणसाने पडद्यावर पाहण्यासाठी होती, पण अंदाजाला उत्तम. तिच्या हिशेबाने 'कुणीतरी आहे' एवढं कळायला दृश्याच्या रुंदीत मीटरमागे २५ ठिपके पुरतात. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटवायला २५० लागतात. म्हणजे दहापट. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० ठिपके असतात, आणि लेन्स नव्वद अंशांची धरली तर पहिलं काम साधारण ३८ मीटरपर्यंत जमतं, दुसरं चार मीटरही नाही. आणि आपण कॅमेरा कुठे लावतो? पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली. तिथून टक्कल दिसतं, चेहरा नाही.

२०२७ च्या सिंहस्थाच्या गप्पांतही हाच घोळ चालतो. रामकुंडावर किती गर्दी झाली हे मोजणं वेगळं आणि त्या गर्दीत हरवलेले आजोबा शोधणं वेगळं. पहिल्यात कुणाचंही नाव लागत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: घराला 'माणूस ओळखणारा' पुरे. चेहरा बघून दार उघडणारं कुलूप मी फुकट दिलं तरी लावणार नाही. आयफोनच्या फेस आयडीत चेहऱ्यावर प्रकाशाचे तीस हजारांवर अदृश्य ठिपके टाकून त्याचा उंचसखलपणा मोजतात. असं काही न मोजता साध्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या स्वस्त कुलपापुढे मोबाइलमधला तुमचा फोटो धरून बघा. किल्ली बरी.

मामांकडे रविवारी गेलो. ॲपमध्ये फाटकाच्या आतल्या अंगणापुरती चौकट आखली, पहाटे साडेपाच ते सहा अलर्ट बंद केला. दूधवाल्याचा प्रश्न मिटला. चहा पिताना मामांनी विचारलंच, "आणि बिबट्या आला तर?"

"मामा, रात्री दोनला 'कुत्रा' असा अलर्ट आला, तर तुम्ही दार उघडू नका."