समुद्रातून वर आलेली जमीन आणि तिचा शेतकरी

युरोपच्या सामायिक शेतीधोरणाचा पाया ज्यांनी घातला, ते सिको मान्सहोल्ट मुळात शेतकरी. त्यांचा जन्म १९०८ साली नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन प्रांतातल्या उल्रुम गावचा. वडील शेती करत आणि समाजवादी पक्षातर्फे प्रांताच्या कारभारातही होते. सिको शेतीचं शिक्षण घेऊन जावा बेटावर चहाच्या मळ्यात नोकरीला गेले, पण तिथला वसाहतवादी कारभार त्यांना पटला नाही. १९३६ मध्ये ते परतले.

पुढच्याच वर्षी त्यांना विरिंगरमेरमध्ये सरकारी जमीन खंडाने मिळाली. ही जमीन मोठी विलक्षण. १९३० पर्यंत तिथे समुद्र होता. बांध घालून, पंपांनी पाणी उपसून सुमारे २०,००० हेक्टर कोरडं केलेलं, आणि सरकारने कुळं पारखून निवडलेली. बांधाचे तंटे नाहीत, वाटण्या नाहीत, शेतं सरळ आखलेली. मान्सहोल्ट यांच्या पुढच्या विचारांचं मूळ मला इथेच दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मनांपासून लपून राहिलेल्यांना आसरा दिला, उपासमारीत सापडलेल्या पश्चिम भागाकडे चोरून धान्य पोचवायला मदत केली. १७ एप्रिल १९४५ ला माघार घेणाऱ्या जर्मनांनी विरिंगरमेरचा बांध उडवला आणि उभी शेतं पाण्याखाली गेली. त्याच वर्षी ते विरिंगरमेरचे हंगामी नगराध्यक्ष होते. जूनमध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, थेट देशाचे अन्न व शेतीमंत्री झाले.

‘पुन्हा भूक नको’ या एकाच ध्यासाने त्यांनी भावांची हमी दिली, तुकडेजोडीला, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याला, जोर लावला. (मुंबई प्रांताचा तुकडेबंदी-तुकडेजोड कायदाही त्याच काळातला, १९४७चा.) १९५८ पासून युरोपीय आयोगात, म्हणजे सहा देशांच्या आर्थिक समुदायाच्या कार्यकारी मंडळात, त्यांनी हेच धोरण त्या सहा देशांपर्यंत वाढवलं. उत्पादन वाढलं, मग लोण्याचे न खपणारे साठे साचले. १९६८च्या योजनेत त्यांनी सुचवलं, की ५० लाख लोकांनी शेती सोडावी आणि उरलेल्यांची शेतं मोठी व्हावीत. हिशेब म्हणून ते बरोबर असेल. पण वडिलोपार्जित तुकड्यावर राबणाऱ्याचा जीव त्या तुकड्यात किती अडकलेला असतो, हे कोऱ्या जमिनीवर शेती उभी केलेल्या माणसाला पुरतं उमगलं नसावं. २३ मार्च १९७१ रोजी ब्रुसेल्सच्या रस्त्यांवर हजारो शेतकरी त्यांच्याविरुद्ध उतरले. त्या दिवशी एका शेतकऱ्याचा जीव गेला.