कर्लीची खाडी : होडीत बसण्याआधी मुलांनी वाचायचं पान

खाडीतल्या होडीच्या सफरीची वेळ विचारायला फोन केला, की आमच्याकडून कधी "सकाळी आठ" तर कधी "दुपारी साडेतीन" असं उत्तर येतं आणि पालक वैतागतात. पण वेळ आम्ही ठरवत नाही, खाडी ठरवते. ती कशी, हे मुलांना कळावं म्हणून हे पान. मोठ्यांनी वाचलं तरी चालेल.

कर्ली ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातली तशी छोटी नदी. सह्याद्रीतून निघते, कुडाळला लोक तिला भंगसाळ म्हणतात, नेरूरपारच्या पुलाखालून पुढे येत ती रुंद होते आणि देवबागला समुद्राला मिळते. कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतरच थोडं, त्यामुळे इथल्या नद्या आखूड. घाटात पाऊस कोसळला, की पाणी लगोलग खाली येतं, तेही जांभ्याची माती घेऊन, लाल. मे महिन्यात नदीचं पाणी आटतं आणि समुद्राचं खारं पाणी पार आतपर्यंत शिरतं. नदीच्या ज्या टापूत गोडं आणि खारं पाणी असं मिसळतं, ती खाडी.

देवबाग नकाशात जरूर बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. समुद्र हाकेच्या अंतरावर असून नदी त्याला मिळत नाही, त्याच्या शेजारून दक्षिणेकडे वाहत राहते. कारण लाटांनी आणून टाकलेली वाळू आडवी आहे. भोगव्यासमोर तिला वाट सापडते, तो संगम. तिथले वाळूचे दांडे दर पावसाळ्यात थोडेफार सरकतात, म्हणून हंगाम सुरू झाला की आमचे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, आधी रिकामी होडी फिरवून पाण्याची खोली बघून घेतात.

आता वेळेचं गणित. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा सुकती, म्हणजे ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं. म्हणून कालची भरती आज पाऊण तासाहून थोडी जास्तच उशिरा येते. चंद्राच्या ओढीचा हा खेळ. पौर्णिमा-अमावास्येला सूर्यही त्याच रेषेत ओढतो, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी जेमतेम हलतं.

किनाऱ्यावरच्या माणसांकडे यासाठी एक सोपी युक्ती आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल, तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या आसपास. सुकती त्याच्या सहा तास आधी, नऊला. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. घरी कालनिर्णय असेल, तर आमचं वेळापत्रक तुम्हीच काढू शकता.

मुलं बरोबर असतील, तर आम्ही पाणी उतरतानाची वेळ देतो. भरतीत पाण्यावर खारफुटीच्या, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचे नुसते शेंडे दिसतात, गंमत सगळी चिखलात असते. त्यातल्या तिवर या झाडाची मुळं पेन्सिली रोवाव्यात तशी चिखलातून वर आलेली दिसतील. चिखलात हवा नाही, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल. नको असलेलं मीठ झाड पानातून बाहेर टाकतं. शेजारच्या कांदळाला हिरव्या शेंगांसारखं काही लटकत असेल. त्या शेंगा नव्हेत. बी झाडावरच रुजलंय आणि ते रोप आहे. सुकतीला गळालं, तर चिखलात उभं घुसतं. भरतीला गळालं, तर तरंगत दुसरा किनारा गाठतं.

निवटी नीट बघा. हा मासा पुढच्या परांवर टेकत चिखलात चालतो. कल्ल्यांपाशी पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. दोन निवट्या समोरासमोर आल्या, की पाठीवरचा पर शिडासारखा उभारून एकमेकींना दटावतात. एक नांगी भलीमोठी असलेला छोटा खेकडा दिसला, तर तो नर. ती नांगी हलवून तो माद्यांना बोलावतो, खातो मात्र धाकट्या नांगीने. होडी जवळ गेली की सगळे बिळात. इंजिन बंद करून पाच मिनिटं गप्प बसलात, तर परत वर येतात. आमच्या अनुभवात मुलं गप्प बसतात, मोठ्यांचे फोन वाजतात.

बोय, तांबोशी अशा माशांची पिल्लं या मुळांच्या गुंत्यात वाढतात, कारण मोठे मासे आत घुसू शकत नाहीत. म्हणून रोप, शिंपला, खेकडा काहीही उचलून नेऊ देत नाही. तिवराचं एखादं पान चाखायला चालेल.

लाइफ जॅकेट सर्वांना, पोहता येत असलं तरी. जुने, पट्ट्याचे सँडल घाला, कारण चिखलात चप्पल रुतते आणि कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पायाला कापतात. पावसाळ्यात सफरी बंद असतात. येण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन करून वेळ पक्की करा, आणि दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी धक्क्यावर या. उशीर झाला, तर सुकतीत आतल्या फाट्यांमध्ये होडी टेकते आणि मग ती सफर फक्त मोठ्या पात्रातच होते.