ब्रेक दाबला की डिझेलचा काटा का पडतो?

कोल्हापुरात शिरोलीच्या एमआयडीसीत किंवा मार्केट यार्डात उभ्या असलेल्या जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये डोकावून बघा. डॅशबोर्डवरचा निदान एक काटा तरी मेलेला सापडतो. मालकाला त्याची सवय झालेली असते. डिझेल तो किलोमीटरवरून मोजतो आणि इंजिन तापलं की नाही ते वासावरून ओळखतो. गॅरेजला गाडी नेली की संवाद ठरलेला. ‘‘मिस्त्री, काटा पडलाय बघा.’’ ‘‘मीटर गेलाय दादा, दुसरा टाकूया.’’ दुसरा मीटर येतो, पैसे जातात, आणि पुष्कळदा नवा काटाही जुन्यासारखाच वागायला लागतो. बिघाड मूळ जागी तसाच राहिलेला असतो.

ती जागा शोधायची तर एक गोष्ट आधी पक्की डोक्यात बसवावी लागते. डिझेलच्या काट्याला डिझेल कळत नाही, त्याला फक्त विजेचा प्रवाह कळतो. टाकीत तरंगणारा फ्लोट वरखाली होतो, त्याच्या दांड्याला जोडलेली छोटी पत्ती रोधाच्या, म्हणजे विजेला अडवणाऱ्या, तारेवरून सरकते, रोध बदलला की प्रवाह बदलतो आणि तेवढा काटा हलतो. या वाटेवर बॅटरी आहे, फ्यूज आहे, वायरी जोडणारे दोन-तीन कपलर आहेत, केबिनपासून टाकीपर्यंत गेलेली वायर आहे आणि परत यायला चासीचं लोखंड आहे. यात कुठेही प्रवाह अडला तरी काट्याच्या लेखी टाकीच रिकामी झालेली असते.

म्हणून तपासणीचा पहिला प्रश्न असा : एकच काटा चुकतोय, की सगळे मिळून चुकताहेत? एकच असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या वाटेवर आहे. डिझेल आणि टेम्परेचर दोन्ही एकदम खोटं बोलायला लागले, तर दोघांना सामाईक काय आहे ते बघायचं. दोन स्वतंत्र सेन्सर एकाच दिवशी मरणं फार दुर्मीळ.

सामाईक काय असतं हे कळायला मीटरच्या पोटात शिरावं लागेल. जुन्या गाड्यांत विजेवर चालणारे मीटर मुख्यतः दोन जातींचे. ओळखायची युक्ती सोपी आहे. चावी फिरवा आणि डिझेलच्या काट्याकडे बघा. तो सावकाश, काही सेकंद घेत वर चढला, तर आत तापणारी पट्टी आहे. चटकन उडी मारून जागेवर बसला, तर आत कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, आहेत.

तापणारी पट्टी म्हणजे दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून केलेली पट्टी, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. प्रवाह वाहिला की तार तापते, पट्टी तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. अशा पट्ट्यांत कमी प्रसरण पावणारा थर बहुधा इन्व्हारचा असतो. इन्व्हार हा लोखंड आणि निकेल यांचा मिश्रधातू. तो शोधणारे शार्ल एदुआर गीयोम यांना निकेल-पोलादाच्या या संशोधनासाठी १९२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पिकअपमध्ये ही पट्टी आणखी एक मोलाचं काम करते. खड्ड्यातून जाताना टाकीतलं डिझेल डचमळतं आणि फ्लोट नाचतो, पण पट्टीला तापायला आणि निवायला वेळ लागतो, म्हणून काटा शांत राहतो. त्याचा हा संथपणा मुद्दाम राखलेला आहे.

पण या पट्टीची एक अडचण आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास असतात, अल्टरनेटर चालू झाला की ते १४ च्या घरात जातात. एवढ्या फरकाने काटा भलताच हलेल. म्हणून अशा मीटरच्या पाठीमागे व्होल्टेज स्थिर ठेवणारी एक लहानशी पत्र्याची डबी बसवलेली असते. पुष्कळ गाड्यांत ती सरासरी १० व्होल्ट पुरवते, काही अमेरिकी बनावटींत ५. जुन्या डबीच्या आतही तशीच तापणारी पट्टी असते. ती तापून वाकली की संपर्क सुटतो, निवली की पुन्हा जुळतो. मीटरची पट्टी मुळातच संथ असल्याने ही उघडझाप तिला जाणवत नाही, तिच्यापर्यंत फक्त सरासरी पोचते. इतक्या साध्या सामानातून साधलेली ही जोडी मला फार देखणी वाटते.

आता या डबीचं अर्थिंग, म्हणजे चासीशी असलेली जोडणी, सुटलं तर काय होईल? तिची स्वतःची पट्टी तापणार नाही, संपर्क कधीच उघडणार नाही, आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज सरळ मीटरांवर जाईल. १० च्या जागी १३.८ व्होल्ट म्हणजे जवळजवळ दुप्पट उष्णता. डिझेलचा काटा ‘फुल’च्या पलीकडे आणि टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात, दोन्ही एकाच वेळी. मालक घाबरून रेडिएटर उघडतो, आणि दोष असतो मीटरमागच्या एका ढिल्या स्क्रूमध्ये. उलट डबी पूर्ण मेली किंवा फ्यूज उडाला, तर दोन्ही काटे तळाशी पडून राहतात. डबीच खराब असेल तर तिच्या जागी ७८१० नावाची तीन पायांची स्वस्त चिप बसवता येते. ती न उघडता-मिटता सरळ १० व्होल्ट देते.

कॉइलच्या जातीला अशी डबी बहुधा लागत नाही. तिथे कॉइल एकमेकींशी कोन करून बसवलेल्या असतात आणि काट्याची दिशा त्यांच्या प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरते. बॅटरीचं व्होल्टेज बदललं तरी गुणोत्तर तेच राहतं.

आता परतीच्या वाटेकडे येऊ. माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या गाड्यांतल्या काट्यांची निम्मी दुखणी इथे असतात आणि तिथेच सगळ्यात कमी बघितलं जातं.

गाडीत प्रत्येक दिव्याला किंवा सेन्सरला दोन वायरी नेत नाहीत. एक वायर जाते, आणि परत येण्यासाठी चासीचंच लोखंड वापरतात. मागच्या टोकाला एखाद्या बोल्टखाली तांब्याची लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, दाबलेली असते. तांबं, लोखंड आणि त्यांच्यामध्ये क्षारयुक्त ओल, एवढं मिळालं की गंजायला निमित्त लागत नाही. कोल्हापूरच्या पिकअपचं आयुष्य डोळ्यांसमोर आणा. कोकणातून घाट चढून मासळी आली की बर्फाचं खारं पाणी पाट्यांतून झिरपत थेट चासीवर. दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात खताची पोती. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि अमोनियाचं तांब्या-पितळेशी मुळीच जमत नाही. वरून गगनबावड्याचा पाऊस. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्यांत पाणी शिरलं, त्यांच्या कपलरमध्ये बसलेला गाळ पुढे कितीतरी दिवस ओल धरून राहतो. कपलर उघडला की पिनांवर हिरवा थर दिसतो. ते तांब्याचे क्षार, आणि विजेच्या वाटेतला अडथळा.

ज्या गाडीत टाकीच्या युनिटचं (फ्लोट आणि रोधाची तार असलेल्या भागाचं) आणि मागच्या दिव्यांचं अर्थिंग एकाच बोल्टवर आणलेलं असतं, तिथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. तावडे हॉटेलच्या चौकात ब्रेक दाबून थांबलं की डिझेलचा काटा हळूहळू खाली येतो, पाय काढला की परत चढतो. हिशेब करून बघू. ब्रेकचे दोन बल्ब, प्रत्येकी २१ वॉट. १२ व्होल्टवर दोघांचा मिळून साडेतीन अँपिअर प्रवाह होतो. गंजलेल्या बोल्टचा रोध ०.३ ओहम धरला, तर त्या सांध्यावर साधारण एक व्होल्ट उभा राहतो. उसाच्या शेतातली निचऱ्याची चर गाळाने भरली की पाणी मागे सरीत चढतं, तसं हे व्होल्टेज सांध्याच्या अलीकडे साचतं. टाकीच्या युनिटला परत जायचं असतं त्याच सांध्यातून. मीटरला मिळणाऱ्या १० व्होल्टमधला एक असा वाया जातो, उरतात ९. प्रवाह दहा टक्क्यांनी कमी, आणि उष्णता वर्गाने बदलत असल्यामुळे जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी. टाकीतलं डिझेल मात्र तेवढंच.

म्हणून दिवे लावले, इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला की काटा हलतो असं दिसलं, तर मीटर विकत घेऊ नका. अर्थिंग बघा. हेडलाइट लावल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे काटे एकदम सरकत असतील, तर डॅशबोर्डमागचं अर्थिंग बघा.

ते कसं बघायचं यातही एक मेख आहे. मल्टीमीटर ओहमवर लावून अर्थिंग तपासलं तर तो बहुतेक वेळा ‘ठीक’ म्हणतो. ओहम मोजताना मीटर अगदी नगण्य प्रवाह सोडतो. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी तेवढा प्रवाह त्यातून सुखाने जातो. खरी परीक्षा भार असताना होते. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं टाकीच्या युनिटच्या धातूवर. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दोन-दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वाटेत गंज आहे असं धरून चाला. मल्टीमीटर नसेल तर एक लांब वायर घ्या, निगेटिव्ह खांबावरून थेट युनिटच्या धातूला टेकवा. काटा सुधारला, तर दुखणं सापडलं. बोल्ट काढून पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासायचं, कलई केलेली नवी लग, दातेरी वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. वस्तू किरकोळ आहेत, पण घासण्यात कंजुषी केली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

अर्थिंग ठीक असूनही एकटा डिझेलचा काटाच चुकत असेल, तर युनिटची वायर काढा. काटा एका टोकाला गेला पाहिजे. मग ती वायर दहा-वीस ओहमच्या रेझिस्टरमधून क्षणभर चासीला टेकवा. काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला, तर मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष, आणि दोष टाकीत. टाकी उघडी असताना किंवा इंधनाची वाफ असताना हे करायचं नाही, कारण ठिणगी उडू शकते. टाकीत बहुधा दोनपैकी एक सापडतं : फ्लोटला चीर जाऊन तो बुडालेला असतो, किंवा रोधाची तार झिजलेली असते. तार सगळीकडे सारखी झिजत नाही. ज्या पातळीवर डिझेल जास्त काळ असतं, तिथे पत्ती सतत थरथरत घासते. रोज थोडं थोडं डिझेल भरणाऱ्याची तार तळाशी आधी जाते, म्हणजे काटा सगळ्यात जास्त लागतो नेमकं तिथेच.

वेगाच्या काट्याचं जुन्या गाडीत वेगळं आहे. त्यात वीज वायरीतून येत नाही. गिअरबॉक्समधून आलेली केबल एक चुंबक फिरवते, शेजारच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि वाटी ओढली जाते. जर्मनीत ओटो शुल्त्स यांनी १९०२ साली याचं पेटंट घेतलं. हा काटा लटपटत असेल तर केबल कोरडी पडलीय, नाहीतर तुटायला आलीय.

टेम्परेचरच्या काट्याशी जपून वागायला हवं. त्याचा सेन्सर म्हणजे धातूंच्या ऑक्साइडचा थर्मिस्टर. साधी तार तापली की तिचा रोध वाढतो, याचा मात्र कमी होतो. मायकेल फॅरडे यांना हा उलटा स्वभाव १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये दिसला होता. सर्रास वापरात असलेल्या एका प्रकारात ४० अंशांना तीनशे ओहमच्या जवळपास असलेला रोध १०० अंशांना चाळिसापर्यंत उतरतो. बहुतेक सेन्सरना एकच वायर असते आणि परतीची वाट त्यांच्या आट्यांतून इंजिनमध्ये जाते. गळती थांबवायला आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे मारले की ती वाट अडू शकते आणि काटा थंड दाखवतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकलेल्या गाडीतही काटा खाली राहतो, पण तिथे तो खरं सांगत असतो. इंजिन खरोखरच थंड चाललेलं असतं, आणि डिझेल जास्त पीत असतं.

धोक्याची स्थिती निराळीच. होज फुटून पाणी निघून गेलं की सेन्सर पाण्याबाहेर, हवेत उघडा पडतो. हवा त्याच्यापर्यंत तेवढी उष्णता पोचवत नाही. इंजिन आत करपत असतं आणि काटा खाली येत असतो. घाट चढताना वर गेलेला काटा कारण नसताना अचानक पडला, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि निवल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडू नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरमध्ये दाबामुळे ते त्याहून तापूनही उकळत नाही, आणि झाकण उघडून दाब सुटला की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

ऑइल प्रेशरच्या काट्याला तर सेन्सर खराब असेल म्हणून कधीच सोडून देऊ नये. तो पडला की आधी इंजिन बंद, मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. ऑइल पुरेसं असेल तर सेन्सर काढून त्याच छिद्रात हाताने लावायचा दाबमापक बसवायला सांगा. त्यात वीज नसते. वाकवलेली पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते. फ्रान्सच्या यूजेन बूर्दों यांनी १८४९ साली तिचं पेटंट घेतलं, आणि चांगल्या गॅरेजात ती आजही भिंतीला टांगलेली असते. तिच्यावर दाब नीट दिसला तर सेन्सर बदला. दिसला नाही तर इंजिन पुन्हा चालू करू नका, गाडी ओढून न्या.