वाळण्याचा वेळ : अकूस्टिक गिटारच्या फिनिशमागची पार्श्वभूमी

चांगली अकूस्टिक गिटार घ्यायला निघालेला माणूस लाकूड, आकार आणि तारांचा विचार बारकाईने करतो, पण फिनिश, म्हणजे लाकडावरचा लेप, कोणते घ्यायचे हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी आणि घाईघाईने सोडवला जातो. ग्लॉस, सॅटिन, नायट्रो, पॉली, फ्रेंच पॉलिश हे शब्द माहितीपत्रकात शेजारीशेजारी छापलेले असल्यामुळे ते केवळ आवडीनिवडीचे पर्याय असावेत असा समज होतो. वास्तविक त्यांच्यामध्ये दीडशे-दोनशे वर्षांचे अंतर आहे. एका फिनिशची जागा दुसऱ्याने घेतली, त्याचे मुख्य कारण बहुतेक वेळा लेप वाळायला लागणारा वेळ आणि त्यावर खर्च होणारी मजुरी हे होते. आवाजाचा विचार नंतर झाला, आणि तोही अनेकदा जुन्या गिटारींकडे मागे वळून पाहताना.

मुळात गिटारला लेपाची गरज का पडते? लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते, हाताचा घाम शोषते, मळते आणि त्यावर ओरखडे पडतात. लेप हे सारे लांबवतो. परंतु गिटारचा टॉप, म्हणजे ब्रिज (तारा अडकवण्याची पट्टी) ज्यावर चिकटवलेला असतो ती वरची फळी, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि तिने मोकळेपणाने कंप पावावे अशी अपेक्षा असते. तिच्यावर चढवलेला प्रत्येक थर तिचे वजन वाढवतो आणि कंपन थोडेफार दाबतो. लाकडाला जपणे आणि लाकडाला बोलू देणे या दोन गरजांची ही ओढाताण फिनिशच्या सगळ्या इतिहासात दिसते.

टॉपचे हे महत्त्व ठसठशीतपणे दाखवून देण्याचा मान स्पेनमधील आल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराकडे जातो. आजच्या क्लासिकल गिटारचा बांधा ज्याच्या कामातून स्थिरावला त्या तोरेसने १८६२ मध्ये एक गिटार अशी केली, की तिचा टॉप स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा होता, पण मागची बाजू आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या होत्या. आवाजाचा मुख्य भार टॉप उचलतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. या प्रयोगाचा धागा अलीकडेही पकडला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या एका अभ्यासात केवळ मागच्या आणि कडेच्या लाकडात फरक असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना, त्या दिसू नयेत अशी व्यवस्था करून, वाजवायला दिल्या, तेव्हा महागड्या आणि स्वस्त लाकडांच्या पसंतीत फारसा फरक आढळला नाही. म्हणून टॉप सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचा आहे, की लॅमिनेट, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेला, हे आधी पाहावे. फिनिशची चर्चा त्यानंतर.

तोरेसच्या काळातील उत्तम गिटारींवर दिसणारा लेप म्हणजे फ्रेंच पॉलिश. हे नाव पदार्थाचे नसून पद्धतीचे आहे. पदार्थ लाखेचा. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर राळेसारखा जो स्राव सोडतात, तो शुद्ध करून त्याचा चपडा बनवतात आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात. कापसाचा बोळा मऊ सुती कापडात गुंडाळायचा, त्याला थोडे द्रावण पाजायचे, तो अडकू नये म्हणून तेलाचा एखादा थेंब लावायचा आणि लाकडावर आधी गोलगोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहायचे. बोळा थांबला की खालचा थर विरघळून तिथे डाग पडतो, म्हणून हात चालताचालताच टेकवायचा आणि चालताचालताच उचलायचा. महोगनी, रोझवूड यांसारख्या लाकडांची उघडी छिद्रे भरायला प्युमिस दगडाची बारीक पूड त्यातच घासतात. अशा असंख्य फेऱ्या, मध्ये विश्रांती, पुन्हा फेऱ्या असे काही आठवडे गेल्यावर जो थर तयार होतो तो अतिशय पातळ असतो आणि लाकडाच्या रेषांना आतून उजेड दिल्यासारखा दिसतो. मला आजही यापेक्षा सुंदर फिनिश दिसलेले नाही. पण उष्णता, घाम आणि मद्यार्क यांपुढे ते लगेच हार मानते, आणि त्यात गुंतणारे मानवी तास कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाहीत.

कारखाना तोपर्यंत उभा राहू लागला होता. सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेन येथे जन्मलेले ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि काही वर्षांत पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थिरावले. त्यांच्या नावाची कंपनी एकोणिसाव्या शतकात आतड्याच्या तारांच्या, लाखेचा लेप असलेल्या गिटारी करत होती. १९२० च्या दशकात पोलादी तारांची मागणी वाढली, तसा बांधा मजबूत झाला, उत्पादन वाढले आणि हाताने पॉलिश करत बसणे अशक्य होत गेले.

नेमक्या त्याच दशकात मोटारींच्या कारखान्यांनी वाट दाखवली. मोटारीवरचा तेलरंग वाळायला तोवर दिवसच्या दिवस, कधी आठवडे लागत, आणि तेवढा काळ गाड्या जागा अडवून उभ्या राहत. नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ १८४६ पासून माहीत होता, तोही स्फोटक कापूस म्हणून. त्यापासून केलेले, फवाऱ्याने मारता येणारे लॅकर १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात बाजारात आले. त्यातले द्रावक उडून गेले की तासाभरात पुढचा हात देता येई. गिटार बनवणाऱ्यांनी ते लगोलग उचलले. पूर्ण घट्ट होऊन झिलई करण्याजोगे व्हायला त्यालाही काही आठवडे लागत, पण एक कुशल माणूस फवारणीच्या खोलीत दिवसभरात जितक्या गिटारी हाताळू शकत होता, तितक्या बोळ्याने करणे कल्पनेबाहेरचे होते. मध्यभागी पिवळसर आणि कडेला काळपट होत जाणारा सनबर्स्ट पूर्वी रंग हाताने चोळून काढत. तो काढणेही फवाऱ्यामुळे सोपे झाले.

‘नायट्रो म्हणजे खरा आवाज’ ही आजची श्रद्धा इथून सुरू होते. १९३० च्या दशकातील ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या, रुंद बांध्याच्या, गिटारी वादकांना अतिशय प्रिय आहेत, आणि त्यांच्यावर नायट्रो आहे, हे खरे. परंतु त्यांचे टॉप पातळ आहेत, आतल्या आधारपट्ट्या कोरून हलक्या केलेल्या आहेत आणि त्यांचे लाकूड जवळजवळ नव्वद वर्षे वाळलेले व वाजलेले आहे. सारे श्रेय लेपाला देणे मला न्याय्य वाटत नाही. नायट्रोची खरी मोठी गोष्ट वेगळीच आहे : लाखेप्रमाणेच तेही आपल्या द्रावकात पुन्हा विरघळते. नवा थर जुन्यात मिसळून जातो, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला खोक पडलेली जागा जवळपास न दिसेल अशी भरता येते. उलट थंडीतून एकदम उबेत आणल्यास त्यावर बारीक तडे जातात, काळानुसार ते पिवळे पडते, आणि व्हिनाइलचा पट्टा किंवा काही स्टँडचे रबर त्याला चिकटून डाग पाडते.

१९६० च्या दशकात गिटारची मागणी अफाट वाढली आणि पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर पुढे आले. हे लेप केवळ द्रावक उडून सुकत नाहीत; त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन ते पक्के होतात. दोनतीन हातांत भरपूर जाडी मिळते, घामाने काही होत नाही, तडे सहसा जात नाहीत. पण एकदा गुंफलेला लेप पुन्हा उघडत नाही, म्हणून दुरुस्तीचा डाग दिसतो. त्या काळात आणि नंतरही अनेक स्वस्त गिटारींवर हा लेप इतका जाड मारला गेला, की वाद्य काचेत बसवल्यासारखे दिसे आणि तसेच कोंडलेले वाजे. पॉलीची बदनामी मुख्यतः त्या जाडीची आहे. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टेलर कंपनीने १९९० च्या दशकात अतिनील प्रकाशाखाली पक्का होणारा पॉलिएस्टर लेप वापरात आणला. आठवड्यांचे काम काही सेकंदांवर आले आणि पुढे थराची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरली. अशा पातळ पॉलीला केवळ नावावरून नाकारणे चूक ठरेल. नायट्रोतील द्रावके ज्वालाग्राही आणि आरोग्याला घातक असल्यामुळे पाण्यावर आधारलेली लॅकरेही काही कारागीर आता वापरतात.

सॅटिन हा वेगळा पदार्थ नसून पृष्ठभागाची तऱ्हा आहे. लेपात चमक कमी करणारी सिलिकाची पूड घालतात किंवा शेवटची झिलई करत नाहीत. छिद्रे भरण्याचे आणि घासण्याचे काम वाचल्यामुळे सॅटिन गिटार सहसा स्वस्त पडते आणि बऱ्याचदा तिचा थरही पातळ असतो. नेकवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, तर सॅटिन कित्येक वादकांना जास्त आवडते, कारण घामेजलेला अंगठा त्यावर अडकत नाही. जिथे कोपराखालचा हात टेकतो तिथे मात्र काही महिन्यांत आपोआप चकाकी येते.

लेप किती निगुतीने दिला आहे, हे पाहायला गिटार उजेडात तिरकी धरावी. टॉपवरच्या रेषा लेपातूनही किंचित उंचसखल जाणवत असतील तर थर पातळ आहे. बाइंडिंगच्या (काठाला बसवलेल्या पट्टीच्या) कडेला आणि नेकच्या सांध्यात लेप साचलेला नसावा. साउंडहोलच्या (टॉपवरच्या गोल भोकाच्या) काठावर लाकडाच्या रेषा वरून आत सलग उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड आहे; आतली बाजू बहुतेक कोरीच ठेवतात, त्यामुळे बाहेरचा लेप कितीही चांगला असला तरी ओल आतून पोहोचतेच आणि गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवावी लागते. शेवटी ब्रिजची मागची कड पाहावी. चांगला कारागीर ब्रिजखालचा लेप खरवडून काढतो आणि कोऱ्या लाकडाला लाकूड चिकटवतो. लेपावरच चिकटवलेला ब्रिज तारांच्या ताणाने उचलू लागतो, आणि त्या फटीत कागदाची कड सरकवून पाहिली तर ती आत जाते.