कोकणातील परसबाग आणि घरची न्याहारी : पार्श्वभूमी

कोकणातील घरच्या भाजीचा इतिहास हा मुळात पाण्याचा इतिहास आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत किनारपट्टीवर अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु जांभ्याच्या जमिनीत तो मुरून निघून जातो आणि मार्च उजाडेपर्यंत अनेक वाड्यांवरच्या विहिरी तळ दाखवू लागतात. त्यामुळे देशावरच्यासारखा बारमाही मळा इथे सर्वत्र उभा राहू शकला नाही. पावसाळ्यात मांडवावर चढवलेले काकडी, दोडका, पडवळ, कारले यांचे वेल, भातकापणीनंतर शेतातल्या उरलेल्या ओलाव्यावर पेरलेले वाल, पावटा, कुळीथ व चवळी, आणि थंडीत विहिरीच्या कडेला कळशीने शिंपून वाढवलेला लाल माठ, मुळा, मिरची, अशी परसाची घडी बसली. गुहागर, दिवेआगर यांसारख्या गावांत रहाटाच्या पाण्यावर नारळ-सुपारीची आगरे उभी राहिली, तेथील घरांना अळू, केळी आणि हळदीपुरती सावली व ओल मिळत राहिली.

दुसरे कारण जमिनीच्या मालकीत होते. खोती पद्धतीत, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या वतनदार खोताच्या अमलात, कुळाने पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा, पुष्कळ ठिकाणी निम्मा, खोताकडे जात असे आणि वर वेठ, म्हणजे बिनमोबदल्याची सक्तीची कामे, असे ती वेगळीच. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला सरकारी चौकट दिली. १९३३ पासून अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षे संप केला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा मात्र १९४९ मध्ये झाला. तोवर गरीब कुळाच्या घरी तांदूळ सणावारी आणि पेजेपुरता, रोजच्या पोटाला वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीतली नाचणी व वरी, आणि तोंडी लावायला परसात वा रानात उगवेल ते, टाकळा, कुर्डू, भारंगी, अशी विभागणी होती. या आहाराला आज आरोग्यदायी म्हटले जाते, तेव्हा तो निवडीचा नव्हे तर नाइलाजाचा होता, हे विसरून चालणार नाही. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तांदळात त्याचा अगदी अल्प अंश, ही गोष्ट पुढे प्रयोगशाळेने सांगितली.

परसातली सगळी पिके इथलीच होती असेही नाही. काकडी आणि वांगे भारतातलेच. पण मिरची, लाल भोपळा, रताळे, पेरू, पपई आणि काजू ही मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळात ही पिके पश्चिम किनाऱ्यावर पसरली. भोपळ्याचे घारगे आज अस्सल कोकणी मानले जातात, त्यांना तरी हाच हिशेब लागू आहे.

काटकसरीची खरी कसोटी बियाणे आणि साठवण यांत दिसते. काकडीचे किंवा भोपळ्याचे एखादे चांगले फळ वेलावरच जून होऊ देत. त्याचे बी राखेत घोळून शेणाच्या गोळ्यात मिसळत आणि तो गोळा स्वयंपाकघराच्या भिंतीला थापून ठेवत, म्हणजे चुलीच्या धुराने त्याला कीड लागत नसे. कच्ची खाण्यापलीकडे गेलेली जून काकडीही वाया जात नसे. ती किसून तिला सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा भिजवायचा, गूळ व खोबरे घालायचे आणि जाड बुडाच्या टोपात, झाकणावर निखारे ठेवून भाजायचे, की धोंडस तयार होई. वेगळे पाणी लागत नसे आणि तूपही नावापुरतेच. अळूच्या पानांतील ऑक्झॅलेटमुळे घसा खवखवतो, म्हणून वडीत चिंचेचा किंवा कोकमाचा आंबटपणा आवश्यक ठरला. फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून पावसाळ्यासाठी ठेवत आणि उकडून मिठाबरोबर खात; थंडीत करांदे आणि रताळी त्यांची जागा घेत. घावन आणि आंबोळी यांना तर तव्याला कांद्याने पुसण्याइतकेच तेल पुरे होते.

ही घडी मोडली ती मुंबईमुळे. गिरणीत गेलेल्या माणसाची मनिऑर्डर घरी येऊ लागली, तसा रोख पैसा आला. सुट्टीत येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून बिस्किटे, खारी आणि बटर आले आणि नाचणीची भाकरी पाहुण्यापुढे ठेवण्यास संकोच वाटू लागला. १९४२ मध्ये ब्रह्मदेशचा तांदूळ बंद होऊन पुढच्या वर्षी मुंबईत शिधावाटप सुरू झाले, त्या काळात सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ अशी मोहीम काढली होती, तिचा भर मुख्यत्वे धान्यावर होता. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले आणि त्याने ‘कोकण तारा’ हे कारल्याचे वाण, ‘दापोली १’ ही नाचणी अशी या हवामानाला मानवणारी बियाणी दिली. परंतु १९९० मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान सुरू झाले आणि नाचणीच्या वरकस उतारांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. उत्पन्न वाढले, यात शंका नाही. मात्र भाजी बेळगाव-कोल्हापूरहून ट्रकने येऊ लागली, आणि पावसात घाटात दरड कोसळली की बाजारातील भाव आजही चढतात.

गेल्या काही वर्षांत परसबागेकडे लोक पुन्हा वळले आहेत, पण आता खोत उरला नसला तरी पाण्याच्या जोडीला माकडांची आणि रानडुकरांची अडचण आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्गातील अनेक घरांनी मांडव घालणे केवळ याच कारणाने सोडले. जाळी लावायची तर तिचा खर्च हंगामभराच्या भाजीला भारी पडतो. म्हणून अनेक जण माकडे सहसा ज्याला हात लावत नाहीत ते अळू, सुरण आणि हळद अंगणात ठेवतात, आणि माठ, मेथी, मिरची पडवीत दाराजवळच्या कुंड्यांत वाढवतात.