झाडतोड-छाटणीचा धंदा: परवानगी कुणाच्या नावावर, मशीनचं पासिंग कसं, कागद कोणते

‘ट्री कटिंगचं लायसन्स कुठं काढायचं?’ या धंद्यात नवा उतरणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो. उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो, कारण महाराष्ट्रात असं एकच लायसन्स नाही. धंद्याची नोंदणी तुमच्या नावावर, झाड तोडायची परवानगी झाडमालकाच्या नावावर आणि मशीनचा कागद आरटीओत. या तिन्ही ठिकाणच्या साहेबांची एकमेकांशी ओळख नसते. पण फांदी कुणाच्या गाडीवर पडली की तिन्ही कागद एकाच वेळी मागितले जातात, आणि मागितले जातात ते करवत हातात असलेल्या माणसाकडे.

पात्रतेचं आधी उरकून घेऊ, कारण तिथं फारसं काही नाही. स्वतःचा धंदा सुरू करायला कुठली पदवी लागत नाही. आधार आणि पॅन असेल तर उद्यम नोंदणी ऑनलाइन होते. ती मोफत आहे, कागद अपलोड करावे लागत नाहीत, त्यामुळे त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. जागा भाड्याची असो वा घरची, दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद करा. माणसं मोजकी असतील तर नुसती ऑनलाइन सूचना देऊन काम भागतं. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी लागतो. मात्र महापालिकेचं किंवा कंपनीचं काम घ्यायचं असेल तर त्याआधीच नंबर काढलेला बरा, बिनानंबरचं बिल तिथं पुढं सरकत नाही. करंट खातंही फर्मच्या नावाने असू द्या.

झाडाची परवानगी

खरी गंमत इथं आहे. महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू होतो. या कायद्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नव्हे. जाळणं, कापणं, कुठल्याही तऱ्हेने इजा करणं, सगळं त्यात आलं. म्हणून ‘आम्ही फक्त छाटणी करतोय, परवानगी कशाला?’ हा युक्तिवाद वृक्ष अधिकाऱ्यासमोर टिकत नाही. झाड तुमच्याच अंगणातलं आहे, हाही नाही.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे, लेखी. अर्जदार जागेचा मालक किंवा सोसायटी, ठेकेदार नाही. ठेकेदाराने धावपळ करावी, पण सही मालकाची घ्यावी. सोबत प्रॉपर्टी कार्ड किंवा 7/12, सोसायटी असेल तर कमिटीचा ठराव, कुठलं झाड कुठं आहे ते दाखवणारा नकाशा, झाडांचे फोटो आणि कारण. बांधकामासाठी तोडायचं असेल तर मंजूर नकाशाही मागतात. ‘पाला पडतो’, ‘पक्षी घाण करतात’ असली कारणं लिहू नका. बुंधा पोखरलाय, झाड कलतंय, मूळ भिंतीत शिरलंय, असं जे डोळ्यांना दिसतं ते लिहा. मेलेलं, रोगट, वाऱ्याने पडलेलं किंवा जीवाला धोका असलेलं झाड ही कारणं कायद्याने वेगळी धरली आहेत. तुमचं झाड त्यात बसत असेल तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत ते आलं पाहिजे.

पुढची पद्धत अशी: अधिकारी स्वतः पाहणी करतो. तोडायच्या झाडावर नोटीस चिकटवली जाते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, लोकांच्या हरकती घेतल्या जातात. निर्णयासाठी अर्ज मिळाल्यापासून 60 दिवस. परवानगी हातात आली तरी लगेच करवत चालवायची नाही, आणखी 15 दिवस थांबायचं. म्हणजे 75 दिवस. 15 मार्चला अर्ज दिला तर हिशेब 29 मेपर्यंत जातो. पावसाआधी झाड उतरवायचं असेल आणि मालक एप्रिलअखेर फोन करत असेल, तर त्याला हे कॅलेंडर दाखवा आणि क्रेनची तारीख तोवर कुणाला देऊ नका. साध्या छाटणीची परवानगी बहुतेक ठिकाणी यापेक्षा लवकर मिळते.

2021च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘पुरातन वृक्ष’ धरलं जातं आणि ते तोडायचं तर झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावावी लागतात. त्यामुळे झाडाचं वय हा आता पैशांचा प्रश्न झाला आहे. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर टेपने मोजून फोटोसह ठेवा, पुढं वाद होतोच. दुसरं म्हणजे दंडाची कमाल मर्यादा झाडामागे 1 लाख रुपये झाली. प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा असतो, हे आधीपासूनच आहे.

परवानगीचं पत्र मात्र शब्द न् शब्द वाचा. आमच्याकडे एकदा पर्जन्यवृक्षाच्या ‘इमारतीकडील 4 फांद्या’ असं पत्र आलं होतं. वर चढलेल्या पोराला पाचवी फांदीही वाळकी दिसली. खाली उभे असलेले चेअरमन म्हणाले, ‘तीही घ्या की, आता चढलाच आहात तर.’ घेतली. तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीतल्या बाईंनी काढलेल्या व्हिडिओसकट तक्रार दाखल, आणि खुलासा देताना चेअरमनसाहेबांना ते वाक्य आठवेना. तेव्हापासून पत्रातल्या फांद्यांना आम्ही आदल्या दिवशी चुन्याचा पट्टा मारतो. पट्टा नाही, तर करवत नाही.

घरटीही त्याच दिवशी बघून घ्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणं हीदेखील शिकारच मानली जाते, पालिकेची परवानगी तिथं ढाल होत नाही. बगळ्यांची वसाहत असलेलं झाड पावसाळ्यात हातात घेऊच नये, या मताचा मी आहे.

शहराबाहेर खासगी जमिनीवर कायदा बदलतो: महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964. साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, खैर, ऐन, अंजन, चंदन अशी अनुसूचित झाडं तिथं परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. शेतकऱ्याचा 7/12 लागतो आणि झाडांची नोंद त्यावर असेल तर काम सोपं होतं. बांधावरचं झाड असेल तर शेजाऱ्याची संमती लेखी घ्या. दोन भावांच्या वादात ठेकेदार साक्षीदार म्हणून तारखा खातो. खाडीकाठचं तिवर मात्र कुणी कितीही पैसे देवो, हात लावायचा नाही.

मशीनचा कागद

चेनसॉ, पोल सॉ, दोर, कप्प्या यांना आरटीओचं काही देणंघेणं नाही, फक्त बिलं फर्मच्या नावाने घ्या. विम्याला आणि कर्जाला तीच उपयोगी पडतात. चाकं आली की प्रश्न सुरू होतात.

हायड्रा (ओझं उचलून चालत नेणारी छोटी क्रेन), जेसीबी ही ‘कन्स्ट्रक्शन इक्विपमेंट व्हेईकल’ या वर्गात पास होतात. नियमानुसार हा बिगर-वाहतूक वर्ग आहे: मुख्य काम रस्त्याबाहेर, रस्त्यावर येणं प्रसंगापुरतं, तेही ताशी 50 किलोमीटरच्या आत. नवीन मशीनसाठी फॉर्म 20 हा अर्ज, फॉर्म 21 विक्री प्रमाणपत्र, फॉर्म 22 कंपनीचं रस्तायोग्यता प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि कर्ज असेल तर फॉर्म 34. शोरूमवाले हे करून देतात, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) वर्ग काय छापलाय ते स्वतः बघा.

ट्रकच्या चासीवर बसवलेली बकेट लिफ्ट, म्हणजे माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणारी गाडी, वेगळी. ती वाहतूक वर्गात गेली की फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला, लागतो: पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी, पुढं दर वर्षी. इथं एक जुगाड फार चालतो. जुना टेंपो घ्यायचा, गॅरेजमध्ये त्यावर लिफ्ट बसवायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. आधी मंजुरी, मग वेल्डिंग. उलट केलंत तर गाडी पासिंगला अडते आणि विमाही हात वर करतो. चाकांवरचा चिपर (फांद्यांचा भुगा करणारं मशीन) जीपमागे जोडून रस्त्यावर आणला की ट्रेलरचा प्रश्न येतो, म्हणून छोटा चिपर आम्ही सरळ टेंपोत चढवून नेतो.

सेकंडहँड मशीन घेताना फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याची सही, परराज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी आणि बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35 घ्या. बोजा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसतो. इसार देण्याआधी बघा, दिल्यावर नव्हे.

ड्रायव्हरचं लायसन्स मशीनच्या वर्गाशी जुळलं पाहिजे. एकूण वजन 7,500 किलोपर्यंतचं वाहतूक वाहन एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला स्पष्ट केलं आहे. त्यावरच्या गाडीला ते पुरत नाही.

विम्याच्या कागदात एक ओळ शोधा: आयएमटी 47, म्हणजे क्रेनसारख्या गाड्यांसाठी पॉलिसीला जोडलेली अट. क्रेनसारखी गाडी रस्त्यावर चालत असताना आणि जागेवर उभी राहून काम करत असताना, या दोन अवस्था विमा वेगवेगळ्या धरतो. ओंडका उचलताना हायड्रा उलटली तर ‘ओव्हरटर्निंग’साठी जादा हप्ता भरलेला असेल तरच नुकसान मिळतं. माझ्या माहितीतल्या निम्म्या मालकांनी पॉलिसीचं ते पान उघडलेलं नाही. आणि जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून चेनसॉ चालवणं बंद करा. ती बकेट माती उचलण्यासाठी आहे. अपघात झाला तर विमा तर सोडाच, पोलिसांना काय सांगणार?

माणसं, वीज, रस्ता

10 किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगार राज्य विमा), 20 झाली की पीएफ. त्याहून कमी असली तरी कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मालकाच्याच गळ्यात पडते, म्हणून डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाई विमा) पहिल्या दिवसापासून काढा. पॉलिसीत कामाचं वर्णन ‘बागकाम’ असं नको. उंचीवरची झाडतोड, असंच लिहून घ्या. हप्ता वाढतो, वाढू दे.

वीजवाहिनीजवळ काम असेल तर वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात शटडाऊनसाठी लेखी अर्ज. तारीख आणि वेळ ठरते, लाइनमन हजर असतो. ‘लाइन बंद केलीय’ असं फोनवर ऐकून कुणी वर चढायचं नाही. जागेवर लाइनमनने अर्थिंग केलेलं डोळ्यांनी बघायचं, मगच दोर टाकायचा. क्रेन रस्त्यावर लावायची तर वाहतूक पोलिसांची ना हरकत घ्या. त्या अर्जात गाडीचा नंबर, वेळ आणि रस्त्याची किती रुंदी अडणार तेही लिहा.

सरकारी कामं महाटेंडर्स या राज्याच्या ऑनलाइन निविदा पोर्टलवर निघतात. क्लास 3 डिजिटल सही, बयाणा रक्कम, अनुभवाचे दाखले, ऐपत प्रमाणपत्र हे नेहमीचंच. क्रेन असेल तर लोड टेस्टचा दाखलाही बहुधा मागतात. पहिली दोन वर्षं सोसायट्यांची कामं करा आणि प्रत्येकीकडून लेटरहेडवर काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्या. निविदेला तोच लागतो.

लाकडाचं काम झाड उतरलं म्हणजे संपत नाही. ओंडके कुणाचे हे कामाआधी लिहून घ्या. पालिकेच्या झाडाचं लाकूड परस्पर विकलं तर ती चोरी होते. वाहतूक परवाना लागणाऱ्या जातीचं लाकूड असेल तर तो वनविभागाकडून काढल्याशिवाय ट्रक हलवू नका. यार्डात फळ्या कापायला आरा बसवायचा विचार असेल तर आरागिरणीला वनविभागाचा परवाना लागतो.

बदल्यात लावायची रोपं लावण्याची जबाबदारी मालकाची, पण तो विसरतो, आणि त्याची अनामत अडकली की फोन तुम्हालाच येतो. आम्ही खड्डे काढण्याची मजुरी कोटेशनमध्येच धरतो. रोपं लावली की त्याच दिवशी फोटो काढून पत्रासोबत वृक्ष अधिकाऱ्याच्या आवकमध्ये देतो आणि शिक्क्याची पोच फाइलला लावतो.