स्ट्रिंगची 'की' कोणती? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

स्क्रीनवर दिसणारा मजकूर (प्रोग्रामरच्या भाषेत 'स्ट्रिंग') कोडमध्ये कोंबू नये, म्हणजे त्याचा अनुवाद सोपा जातो, हे १९८४च्या मॅकिंटॉशलाही ठाऊक होतं. मेनू, सूचना, वाक्यं हे सगळं तिथे रिसोर्स म्हणून वेगळं ठेवलेलं असे आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल न करता बदलता येई. विंडोजची स्ट्रिंग टेबलं त्याच वळणाची. खरी खडाखडी युनिक्सच्या बाजूला झाली, तीही बाहेर काढलेल्या वाक्याला हाक कोणत्या नावाने मारायची, म्हणजेच त्याची 'की' कोणती, यावरून.

युनिक्स विक्रेत्यांच्या प्रमाणीकरण गटाने ऐंशीच्या दशकात असे संदेश शोधून आणणारं कॅटगेट्स आणलं. त्यात प्रत्येक वाक्याला दोन आकडे: संच क्रमांक आणि संदेश क्रमांक. मूळ वाक्य राखीव म्हणून सोबत द्यायचं, पण शोध आकड्यांवरच. दोघांनी एकाच वेळी नवा संदेश घातला की क्रमांक भिडायचे आणि ते निस्तरणं प्रोग्रामरच्या गळ्यात. नव्वदीच्या सुरुवातीला आलेल्या गेटटेक्स्टने आकडेच काढून टाकले. इंग्रजी वाक्य हीच की. कोडमध्ये वाक्याभोवती _( ) घातलं की काम झालं. अनुवाद नसेल तर इंग्रजी दिसेल, पडदा रिकामा राहणार नाही. १९९५मध्ये याची मुक्त आवृत्ती आली आणि लिनक्सच्या जगात पीओ फाइल, म्हणजे मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद यांच्या जोड्यांची फाइल, घरोघरी पोचली.

पण इंग्रजी वाक्य की झालं म्हणजे ते हलवायची सोय उरली नाही. कुणी इंग्रजीतलं एक चुकलेलं स्पेलिंग सुधारलं की जुनी की गेली. मग गेटटेक्स्टचं साधन त्यातल्या त्यात जवळचं जुनं वाक्य शोधतं, त्याचा अनुवाद नव्या नोंदीला चिकटवतं आणि वर 'फझी' (अंदाजे, तपासून घ्या) अशी खूण करतं. पीओवरून बनणाऱ्या आणि प्रोग्राम प्रत्यक्षात वाचतो त्या एमओ फाइलमध्ये फझी नोंद एरवी जात नाही. म्हणजे मराठी अनुवादात काडीची चूक नसताना ते वाक्य वापरणाऱ्याला पुन्हा इंग्रजीत दिसतं, कुणीतरी ती खूण काढेपर्यंत. दुसरी अडचण एकाच कीची: मेनूतलं 'ओपन' म्हणजे 'उघडा', तक्रारीच्या स्थितीतलं 'ओपन' म्हणजे 'प्रलंबित', आणि अनुवादाला जागा एकच. संदर्भ जोडण्याची सोय यायला २००६ उजाडलं. एवढं असूनही आकड्यांपेक्षा हा सौदा बराच म्हणायचा. अनुवादकासमोर निदान अख्खं वाक्य असे.

जावा या प्रोग्रामिंग भाषेने १९९७पासून तिसरी वाट धरली: वाक्याला वेगळं नाव द्यायचं, तीच की, आणि इंग्रजीसुद्धा वेगळ्या फाइलीत ठेवायची. अँड्रॉइड आणि वेबची बहुतेक फ्रेमवर्कं आज याच वाटेवर आहेत. अनुवाद राहिला आणि पर्यायी भाषाही नेमलेली नसली की बटणावर 'सेव्ह' ऐवजी बिंदूंनी जोडलेलं कीचं नाव झळकतं, ते इथूनच.

२०१९मध्ये १.० झालेल्या फ्लुएंट या मोझिलाच्या अनुवाद-प्रणालीतही कीला नावच असतं, आणि संकेत असा पडला आहे: स्पेलिंग सुधारलं तर नाव तेच, अर्थ बदलला तर नाव नवं. अर्थ बदलला की नाही, हे इंग्रजी वाक्याला हात लावणारा प्रोग्रामर ठरवतो. त्याने नाव बदलायचं राहून गेलं, तर जुना मराठी अनुवाद तसाच चालू राहतो आणि त्यावर फझीची खूणही पडत नाही.